राहिलेल्या अकरा चिठ्ठ्या

‘शब्द आधी तोंडाने सांगायचा, मग चिठ्ठी हातात द्यायची. नुसती चिठ्ठी टेकवून आलीस, तर ती नोटीस झाली.’

थोरल्या जाऊबाई हे बोलल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा चपटा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर होता. मी त्यांना पाणी विचारलं. त्यांनी पाणी नको म्हणून हात हलवला आणि त्याच हाताने डब्यावर टिचकी मारली.

‘अकरा राहिल्यात. मागे ज्याचं नाव, त्याच्या हातात. विणकरबुवांची आधी ने. तुमचं एक सापडलंय, आणून देते, असं सांगून बसलेय मी त्यांना. म्हाताऱ्या माणसाला असं टांगून ठेवू नये.’

‘नेईन,’ मी म्हणाले.

‘नेईन नको. नेते म्हण.’

‘नेते.’

त्यानंतर एकोणीस दिवसांनी त्या गेल्या. आमच्या घरात मोठं कपाट, मोठा आरसा आणि मोठ्याने बोलणं हे सगळं भाऊजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं होतं. जाऊबाईंचं म्हणावं असं एवढंच, हा डबा.

त्या वाचनालयाच्या तळघरात अठ्ठावीस वर्षं फाटकी पुस्तकं दुरुस्त करत. खळ लावायची, पातळ कागदाची पट्टी बसवायची, वर टीपकागद ठेवायचा आणि पान सुकेपर्यंत थांबायचं. वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत पानाला हात लावायचा नाही, दुसरं पान उघडायचं नाही. मग माणूस करणार काय, समोर असेल ते वाचणार. आणि समोर बहुतेक वेळा एकच पुस्तक असे, मोठा इंग्रजी शब्दकोश. तो जाड, लोक त्याच्यावर कोपर टेकून झोपत, म्हणून फाटायचाही तोच. जाऊबाईंचं इंग्रजी शाळेपुरतं. पण रोज वीस-वीस मिनिटं करत अठ्ठावीस वर्षं वाचलं की, शाळेने न शिकवलेलं पुष्कळ शिकून होतं.

पहिला शब्द त्यांनी सुताराला दिला. तो तळघरातली फळी बदलायला आला होता. करवतीने लाकूड कापताना पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातं आणि मध्ये जी फट पडते, तिला इंग्रजीत कर्फ म्हणतात. जाऊबाईंना हे सकाळी सापडलं आणि दुपारी सुतार दारात उभा. त्यांनी त्याला सांगितलं. सुताराने करवत खाली ठेवली. चाळीस वर्षं तो माप घेताना ही फट धरत आला होता, त्याच्या बापाने मारून मारून शिकवलं होतं की फट धर, नाहीतर फळी आखूड पडेल. पण तिला नाव असेल हे बापालाही ठाऊक नव्हतं. त्याने तो शब्द तीन वेळा म्हणून पाहिला आणि कागद मागितला. जाऊबाईंनी पानाच्या कडेची कातरलेली पट्टी घेतली, पुढे इंग्रजी शब्द लिहिला, मागे त्याचं नाव आणि एक ओळ. नाव म्हणजे नुसतं ‘सुतार’. ओळ अशी: ‘आज माझ्या फळीत जी जागा गेली, तिचं हे नाव.’ ती पट्टी आज त्याच्या दुकानात पटाशीच्या खिळ्यावर टोचलेली आहे. मी स्वतः पाहिली आहे.

तेव्हापासून तोच नियम झाला. शब्द सापडला की तो कोणाचा हे ठरवायचं आणि त्याला नेऊन द्यायचा. घरी सांगायचा नाही, वाटेत कोणाला दाखवायचा नाही. दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी निघत असू. दुपारीच, कारण मला बारापर्यंत मौन असतं. बस-कंडक्टरला त्यांनी चॅड दिला. तिकिटाला भोक पाडल्यावर जो बारीक कागदी ठिपका खाली पडतो, तो. औषधांच्या दुकानातल्या कंपाउंडरला ग्रिफोनाज, म्हणजे वाचता न येणारं अक्षर. त्याने तो काउंटरच्या वर लावला आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, तुमचाच आहे साहेब, माझ्याकडे ठेवायला दिलाय. प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंना व्हजायटस दिला, म्हणजे नवं मूल पहिल्यांदा रडतं तो आवाज. त्या बाई हसून हसून लाल झाल्या. म्हणाल्या, रोज सात-आठ वेळा ऐकते आणि रोज ‘आलं एकदाचं’ एवढंच म्हणते.

असे किती दिले, कोणी मोजलं नाही. दिलेली चिठ्ठी ज्याची त्याच्याकडे राहिली. डब्यात उरायची ती फक्त न पोचलेली.

आता दुसरीकडच्या शब्दप्रेमाबद्दल सांगते. माझे तीन नेम आहेत. पहाटेची प्रार्थना, बारापर्यंत मौन, आणि कोणाला लागेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही. मनात काय म्हणावं याला नेम नाही. हे बरंच झालं, नाहीतर पुढचं मला लिहिता आलं नसतं.

भाऊजी शब्दप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. हे मंडळ इंग्रजीतले दुर्मीळ शब्द गोळा करतं. सभासद सात, खुर्च्या दहा, आणि गेली अकरा वर्षं त्या तीन खुर्च्या रिकाम्याच का, याचा विचार एकाही सभासदाने केलेला नाही. दर रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या माडीवर सभा भरते, कधी आमच्या बाहेरच्या खोलीत. एकेकाने शब्द आणायचा, उच्चारायचा, बाकीच्यांनी भुवया वर करायच्या, मग अर्थ सांगायचा, मग टाळ्या. चिटणीस तो शब्द वहीत लिहितात, वही कपाटात जाते, कपाटाला कुलूप. कुलुपाची किल्ली चिटणीसांच्या कमरेला. शब्द चोरीला जाण्याची इतकी धास्ती मी सोनाराकडे पाहिलेली नाही.

चिटणीस विम्याच्या कचेरीत अधिकारी होते. ते शब्द असा उच्चारतात की समोरच्याला वाटावं आपली पॉलिसी बुडाली. दुसरे दंतवैद्य. त्यांना तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, म्हणून उत्तराची वाट पाहणं त्यांना माहीत नाही. त्यांचा आवडता शब्द अल्ट्राक्रेपिडेरियन. ज्यातलं कळत नाही त्यात मत देणारा माणूस. हा ते वर्षातून तीनदा आणतात आणि तीनदा टाळ्या घेतात. मागच्या वेळी तो सांगून झाल्यावर त्यांनी मंडळाला समुद्राखालच्या केबलींबद्दल अर्धा तास माहिती दिली. कोणालाही हसू आलं नाही. मी चहा ठेवत होते आणि मौनात होते.

जाऊबाईंच्या चिठ्ठ्यांना भाऊजी आयुष्यभर ‘हिचं खूळ’ म्हणत आले. ‘कंडक्टरला काय करायचेत शब्द, लग्नात वाढणार आहे?’ हा त्यांचा विनोद. जाऊबाई हसत, कारण विनोद जुना झाला की तो नातेवाइकासारखा होतो, येतो तेव्हा बसू द्यावा लागतो. पण मंडळात त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. तळघरातून माडीवर जायला बत्तीस पायऱ्या आहेत.

जाऊबाईंना जाऊन महिना होत होता. विणकरबुवांकडे मी येत्या गुरुवारी निघणारच होते. तोवर भेटायला येणाऱ्यांची रांग होती आणि भाऊजींना घरात काही सापडत नव्हतं, स्वतःचा चष्मासुद्धा. त्या रविवारी सभा आमच्याकडे होती. भाऊजींना चष्मा शोधताना डबा सापडला. त्यांनी तो उघडला, चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि सातही जण त्यांच्यावर वाकले. अकरा शब्दांपैकी आठ त्यांच्या वहीत नव्हते. अकरा वर्षांची वही आणि एका बाईचा उरलेला डबा. पण तसं कोणाच्या लक्षात आलं नाही. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी मात्र आलं. म्हणाले, आयुष्यभरात बिचारीने अकराच जमवले, पण बघा, काय निवड!

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं.

चिटणीसांनी ठराव मांडला की चिठ्ठ्यांचा अल्बम करावा, वर अध्यक्षांची प्रस्तावना असावी, आणि वार्षिक मेळाव्यात तो काचेखाली ठेवावा. भाऊजी माझ्याकडे वळले. ‘धाकटे, तिने डबा तुझ्याकडे दिला होता ना? आम्ही नेला तर चालेल?’

मी जाऊन डब्यावर हात ठेवला. घट्ट ठेवला. एवढंच मला करता येत होतं.

दंतवैद्यांनी माझं एकेक बोट हळुवार उचललं, दात तपासावा तसं. ‘वहिनींना भरून आलंय,’ ते म्हणाले. चिटणीस म्हणाले, मौन म्हणजे संमती, आणि तसं वहीत लिहिलंही. इंग्रजीतल्या आडवाटेच्या शेकडो शब्दांचे अर्थ ज्यांना तोंडपाठ, त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही की बारा वाजेपर्यंत थांबावं आणि विचारावं, तुमच्या न बोलण्याचा अर्थ काय. चाळीस मिनिटं. डबा साडेअकराला घराबाहेर पडला.

मी बोलू शकले असते. एकतीस वर्षांचा नेम एका वाक्याने मोडला असता, आणि देवाने तो खचित दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करू दिला असता. पण मी त्या नेमाकडे अशी बघत उभी राहिले, जशी ती मंडळी त्यांच्या वहीकडे बघतात. तिरस्कार करायचा तर यादीत स्वतःला वगळता येत नाही.

बाराच्या ठोक्याला मी भाऊजींना सांगितलं की त्या चिठ्ठ्या लोकांच्या आहेत, मागे नावं आहेत, पोचवायच्या आहेत. ते म्हणाले, हो हो, मागे काहीतरी होतं खरं. न्हावी, विणकर, असलं काहीतरी. आम्ही त्यावर चर्चा केली. चिटणीसांचं मत पडलं की ती घरकामाची यादी असावी, कोणाकोणाला बोलवायचंय त्याची. जुन्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने शब्द लिहिले. काटकसरी होतीच ती.

‘मागे ओळही आहे एकेक,’ मी म्हणाले.

‘ते बारीक अक्षर कोण वाचतंय,’ भाऊजी म्हणाले आणि जेवायला बसले.

बुधवारी विणकरबुवांच्या मुलीचा फोन आला. बुवा जुन्या गिरणीशेजारी हातमागावर बसत. गिरणी बंद झाली, माग मोडीत गेला, मग डोळे गेले. आता ते खाटेवर असतात आणि मुलगी सकाळ-संध्याकाळ त्यांचं करते. ती म्हणाली, बाबा रोज विचारतात, थोरल्या बाई काहीतरी आणणार होत्या, आल्या का? त्या गेल्याचं तिने त्यांना सांगितलं होतं. तर ते म्हणाले, त्या गेल्या असतील, पण काम कोणाला तरी लावून गेल्या असतील. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता आणि बुवांना आपल्या गावी नेणार होता. दिवसभराचा रस्ता. परत येणं आता व्हायचं नाही, ती म्हणाली, आणि हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

मी तिलाही म्हणाले, ‘आणते.’

रविवारी बारा वाजून पाच मिनिटांनी मी वाचनालयाच्या माडीवर चढून गेले. सभा संपत आली होती. अल्बम टेबलावर उघडा होता. काळी जाड पानं, त्यावर अकरा चिठ्ठ्या, शब्दांची बाजू वर, पाठ डिंकाने गच्च चिकटवलेली. प्रत्येक शब्दाखाली चिटणीसांनी सोनेरी शाईची रेघ मारली होती, आणि ती एकही सरळ नव्हती. पहिल्या पानावर अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. जाऊबाईंचं नाव नव्हतं. ‘स्वर्गीय पत्नीच्या संग्रहातून’ एवढं होतं.

मी हळू आवाजात, सगळं पहिल्यापासून सांगितलं. विणकरबुवांचं, शनिवारचं, वचनाचं. एकच चिठ्ठी सोडवून द्या म्हणाले. आणि चुकून विचारलं की यातला विणकराचा शब्द कोणता असेल.

चुकून अशासाठी, की त्यांच्यासाठी तो खेळ झाला. शब्दकोश शेजारच्या फळीवर होता, पण चर्चेआधी कोश उघडायचा नाही हा मंडळाचा नियम, आळसाला त्यांनी दिलेलं हे नाव. चिटणीस म्हणाले, अलिज विणकराचा असणार, उच्चार मऊ आहे, रेशमी. हेडमास्तर होते ते म्हणाले, थ्रम तर ढोल वाजवणाऱ्याचा, ऐका ना, थ्रम थ्रम. अर्धा तास असं चाललं. मग हात वर करून मतं घेतली आणि अलिज पाच विरुद्ध दोन मतांनी विणकराचा ठरला. कोशात पाहिलं तर भरलेल्या बाटलीत किंवा पिपात वरची जी जागा रिकामी राहते तिला अलिज म्हणतात. त्यावर चिटणीस म्हणाले, पण मतदान झालेलं आहे.

कोशात मी थ्रमही पाहिला. कापड कापून घेतल्यावर मागावर उरलेली उभ्या धाग्यांची टोकं. बुवांचा शब्द समोर होता, काळ्या पानावर, जाऊबाईंच्या शिसपेन्सिलीच्या अक्षरात. त्याच्या पाठीवरची ओळ कोणत्याही कोशात मिळणार नव्हती.

भाऊजी म्हणाले, मग अडलं कुठे? शब्द कळला ना? दुसऱ्या कागदावर लिहून ने. माणूस आंधळा आहे, त्याला कागदातला फरक काय कळणार!

दुसरा ठराव झाला की अल्बमला हात लावू नये. सात विरुद्ध शून्य. मी सभासद नव्हते.

मला पायरीपर्यंत सोडायला दंतवैद्य आले आणि दारातूनच मागे वळून त्यांनी सगळ्यांना थांबवलं. या प्रसंगाला एक नेमका शब्द आहे म्हणाले. व्हेलीइटी. मनात इच्छा असते, पण ती इतकी मिळमिळीत की तिच्यासाठी माणूस बसल्या जागेवरून उठत नाही. ‘आपल्या सगळ्यांचीच वहिनींना मदत करायची इच्छा आहे, नाही का? ती ही.’

जोरात टाळ्या पडल्या. शब्द खरोखर चांगला होता. जाऊबाई असत्या तर ज्याचा त्याला पोचवण्यासाठी फार चालावं लागलं नसतं. सातही मालक एकाच खोलीत बसले होते. पण त्यांनी तो वहीत लिहिला आणि कपाटाला कुलूप घातलं.

मेळावा शनिवारी संध्याकाळी होता. म्हणून शुक्रवारी भाऊजी अल्बम घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला, सकाळी कापडाने पुसायचा होता.

शनिवारी पहाटे प्रार्थना झाल्यावर मी जाऊबाईंच्या खोलीतून टीपकागदांचा गठ्ठा काढला. त्यांनी मला हे काम एकदा शिकवलं होतं, मी कंटाळून बसले होते तेव्हा. जे चिकटवायचं ते उद्या कोणाला सोडवता आलं पाहिजे, असं त्या म्हणत, म्हणून कायम खळ वापरत. मंडळाला एवढी अक्कल नव्हती, पण बाटलीतल्या साध्या डिंकापलीकडे त्यांची हौसही गेली नव्हती, हे माझं नशीब. कोमट पाणी, ओला करून पिळलेला टीपकागद, वर कोरडा, त्यावर पाटा. आणि ओढायचं नाही. कागद आपणहून सोडेपर्यंत थांबायचं. वीस मिनिटं.

शिसपेन्सिल पाण्याला भीत नाही. सोनेरी शाई भीते. पहिला टीपकागद उचलला तेव्हा चिटणीसांच्या सगळ्या रेघा त्यात उतरल्या होत्या.

एकेक चिठ्ठी सुटत गेली. मी ती पालथी करून टेबलावर मांडत होते. मागचं नाव बघायचं, ओळ वाचायची नाही, ती ज्याची त्याची. न्हावी. छत्रीवाला. वाचनालयाचा पहारेकरी. तळघराची झाडूवाली. सात वाजता थ्रम सुटला. मागे ‘विणकरबुवा’. मी तो कोरड्या टीपकागदात घालून बाजूला ठेवला. मग अलिज सुटला. मागे कोणाचा धंदा नव्हता. लिहिलं होतं, ‘ह्यांना’.

मी ती चिठ्ठी हातात धरून बसले. ज्या बाईने सबंध संसारात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही, तिने ते कागदावरही घेतलं नव्हतं. आणि त्या नवऱ्याने ती स्वतःच्या हाताने, डिंक लावून, पालथी चिकटवली होती. वर पाच विरुद्ध दोन मतांनी दुसऱ्या कोणाची ठरवली होती.

सव्वासातला भाऊजी उठून आले. टेबलावर ओले कागद, उघडी काळी पानं, डिंकाचे चौकोनी डाग. ते जागच्या जागी उभे राहिले. काय करतेस, त्यांनी विचारलं. कोणाला विचारलंस? संध्याकाळी मी तिथे काय दाखवू? मी बोलत नव्हते. त्यांचा आवाज चढला आणि मग उतरला, कारण उत्तर न देणाऱ्या माणसावर किती वेळ चिडणार. चहाचा कप मी त्यांच्यासमोर ठेवला आणि कपाशेजारी ती चिठ्ठी, मागची बाजू वर. तोंडाने सांगायचा राहिला. पण तो शब्द त्यांनी पाच मतांनिशी आधीच ऐकला होता.

त्यांनी चष्मा शोधला. तो कपाळावर होता. वाचलं. उलटून शब्द पाहिला. पुन्हा पालथी करून वाचलं, आणि मग मोठ्याने, बहुधा मला ऐकू जावं म्हणून:

‘भरलेल्या बाटलीत वर थोडी रिकामी जागा ठेवावी लागते. नाहीतर बूच उडतं. आमच्या घरात ती तुम्ही.’

बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं.

‘धाकटे,’ ते म्हणाले, ‘हे कौतुक आहे का गं?’

सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मला उत्तर द्यायचं नव्हतं. एकतीस वर्षांत मौनाचे इतके मनापासून आभार मी कधी मानले नव्हते.

भाऊजींनी चिठ्ठी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. मग खिशातून काढली, पुन्हा वाचली, पुन्हा ठेवली. अल्बमची रिकामी पानं त्यांनी स्वतः मिटली. संध्याकाळी ते मेळाव्यात काय दाखवणार होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझा अंदाज, प्रस्तावना दाखवतील. ती तर चिकटलेली होतीच.

मी उरलेल्या चिठ्ठ्या डब्यात भरल्या. साडी बदलली. बुवांच्या घरापर्यंत बसने वीस मिनिटं आणि पुढे गिरणीची भिंत संपेपर्यंत चालत. नऊच्या आत पोचले असते. दहाला गाडी येणार, आणि मला बारापर्यंत मौन.

आदल्या दिवसापासून मी हे मनात धरून होते, पण त्याच्याकडे पाहत नव्हते. डोळे असलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी ठेवून नमस्कार करून परतता आलं असतं. बुवांना दिसत नाही. मुलगी वाचून दाखवेल, हेही मनात आलं होतं. पण हा शब्द मुलीचा नव्हता, जाऊबाईंनी तो बुवांसाठी ठेवला होता. आधी तोंडाने, मग हाताने. आणि मागची ओळही वाचायची होती, कारण ती बुवांची होती आणि बुवांना वाचता येत नव्हती. तेव्हा मी ती आताच, दारात उभी राहून, त्यांच्या वतीने वाचली.

‘कापड जातं त्याच्याकडे, ज्याने मागवलं. ही टोकं मागावर राहतात, आणि नवे धागे यांनाच बांधायचे असतात. तुम्ही मला हे शिकवलंत तेव्हा त्याला नाव आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.’

डबा गेला त्या रविवारी चाळीस मिनिटांसाठी मी तोंड मिटून उभी राहिले होते. देवाला मी मनात सांगितलं, आज एक शब्द आणि तीन वाक्यं कमी धर. त्याने हरकत घेतली नाही. त्याच्या मौनाचा अर्थ मी त्या मंडळींसारखाच लावला, हे मला कळत होतं. पण निदान मी विचारलं होतं.

भाऊजी अजून टेबलाशीच होते, कप तसाच, हात खिशावर. मी चपला घातल्या, दार आवाज न होऊ देता ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले. थ्रम. ओठ हलवून पाहिले, आवाज काढला नाही. जिभेला सकाळी हे काम करायची सवय नव्हती. थ्रम. खालच्या पायरीपर्यंत तो नीट बसला. समोरून बस वळताना दिसली, तशी डबा छातीशी धरून मी थांब्याकडे चालू लागले.